अक्षरांची उलटसुलट वाट

मुरबाडहून निघून टोकावडे, वैशाखरे ही गावे मागे टाकली, म्हणजे सह्याद्रीची उंच भिंत समोर उभी राहते. त्या भिंतीतून नाणेघाटाची प्राचीन वाट वर चढते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण बंदराकडून येणारे व्यापाऱ्यांचे तांडे याच वाटेने जुन्नरकडे व पुढे पैठणकडे जात असत. चढताना प्रथम रान लागते, मग दगडी पायऱ्या, मग शिलालेखाची गुहा, मग दोन कड्यांमधील अरुंद खिंड आणि शेवटी माथ्यावरचा दगडी रांजण. उतरताना हीच ठिकाणे येतात. पण आधी रांजण, मग खिंड, मग गुहा, मग पायऱ्या आणि शेवटी रान. वाट एकच असते. तरीही चढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डोंगर असतो आणि उतरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दूरवर पसरलेले कोकण असते.

मुलांनो, शब्द हीसुद्धा एक वाटच आहे. एरवी आपण ती डावीकडून उजवीकडे चालतो आणि अर्थाच्या मुक्कामी पोचलो की थांबतो. परंतु त्याच वाटेने परत फिरले तर काय दिसेल? 'नदी' हा शब्द उलट वाचा. 'दीन' असा निराळाच शब्द हाती येतो. 'काम' उलटे केले की 'मका' होतो, 'तवा' उलटा केला की 'वात' होते, आणि 'सडा' उलटा केला तर चक्क 'डास' गुणगुणू लागतो! काही शब्द मात्र असे आहेत, की कोणत्याही टोकाने वाचा, त्यांच्यात तिळमात्र फरक पडत नाही. नयन, नमन, कनक, सरस, कडक, जहाज, नवीन, समास हे असे शब्द होत. 'नवजीवन' हा त्यांच्यातला जरा लांब शब्द आहे.

या उलटसुलट वाचनाला आपल्या पूर्वजांनी 'अनुलोम' आणि 'विलोम' अशी नावे दिली. लोम म्हणजे अंगावरील केस. मांजराच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला, तर तो केसांच्या दिशेने सरकतो, तो अनुलोम. शेपटीकडून डोक्याकडे फिरवला, तर केस उभे राहतात, तो विलोम. सुलट वाचन अनुलोम आणि उलट वाचन विलोम. दोन्हींकडून सारखी वाचता येणारी रचना म्हणजे विलोमपद. संस्कृत काव्यशास्त्रात तिला 'गतप्रत्यागत' असेही म्हणतात; म्हणजे गेलेले आणि परत आलेले.

या खेळाचा पहिला नियम नीट समजून घेतला पाहिजे. मराठीत उलट वाचायचे ते अक्षराअक्षराने. 'का' हे एक अक्षर आहे; त्यातील काना 'क'पासून सुटा होत नाही. 'ध्य' हे जोडाक्षरही एकच मानावयाचे. म्हणून 'मध्यम' हा शब्द दोन्हींकडून सारखा वाचता येतो. इंग्रजीत गणना निराळी असते. तेथे व्यंजन वेगळे आणि स्वर वेगळा लिहितात. म्हणून इंग्रजी लिपीतील 'मॅडम' हा शब्द एम, ए, डी, ए, एम असा दोन्हींकडून सारखा आहे. पण तोच आपण देवनागरीत लिहिला की 'मॅ'ची जोडी 'म'शी जमत नाही. जपानी लोकांतही अशा रचनांची जुनी आवड आहे. ते तिला 'काइबुन' म्हणतात, आणि त्यांची गणना आपल्यासारखीच अक्षराची असते.

ऱ्हस्वदीर्घाचाही विचार येथे करावा लागतो. 'चिमा काय कामाची' हे वाक्य पुष्कळांनी घरी ऐकले असेल. ते दोन्हींकडून सारखे वाटते. पण आरंभीची 'चि' ऱ्हस्व आहे आणि शेवटची 'ची' दीर्घ आहे. कानाला हा फरक फारसा जाणवत नाही, डोळ्याला मात्र दिसतो. जुन्या संस्कृत कवींनी स्वतःला थोडी मोकळीक दिली होती. अशा रचनेत अनुस्वार व विसर्ग मोजू नयेत, तसेच 'ब' आणि 'व' यांत भेद मानू नये, असा संकेत त्यांनी ठरवून घेतला होता. कोठे सूट घ्यावयाची, हे आधी ठरवावे आणि मग ती पाळावी, म्हणजे खेळ खेळ राहतो, लबाडी होत नाही.

आता शब्दाकडून वाक्याकडे वळू. 'गज' म्हणजे हत्ती. तो उलटा केला की 'जग' होते. हे दोन शब्द शेजारी ठेवले, तर 'गज जग' अशी जोडी मिळते. ही आधीच दोन्हींकडून सारखी आहे, पण तिच्यात वाक्य नाही. आता दोन्ही टोकांना 'तो' हे अक्षर लावा. पाहा काय झाले: 'तो गज जगतो.' हे पूर्ण आणि शुद्ध मराठी वाक्य आहे! याच रीतीने 'खरा' आणि 'राख' यांपासून 'तो खरा राखतो' असे वाक्य होते. जो खरा असतो तो इतरांना राखतो, असा त्याचा अर्थ. मध्ये एखादे सुटे अक्षर ठेवले तरी चालते. 'रस' आणि 'सर' यांच्यामध्ये 'का' बसवला, की आमरसाच्या वाटीकडे पाहून विचारता येते: 'तो रस का सरतो?'

ही वाक्ये इतक्या सहज का जमली? याचे उत्तर मराठी वाक्याच्या घडणीत आहे. आपल्या वाक्यात कर्ता आरंभी येतो आणि क्रियापद शेवटी येते. शिवाय क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. कर्ता 'तो' असेल, तर वर्तमानकाळी क्रियापदही 'तो'ने संपते: तो जातो. कर्ता 'ते' असेल, तर क्रियापद 'ते'ने संपते: ते जाते. म्हणजे वाक्याची दोन्ही टोके व्याकरणानेच आपल्याला जुळवून दिली आहेत! 'ती'च्या बाबतीत मात्र वर्तमानकाळी हे साधत नाही, कारण आपण 'ती जाते' असे म्हणतो. तेथे 'होती'सारखे भूतकाळाचे क्रियापद शोधावे लागते. व्याकरणाचे नियम रुक्ष असतात, असे ज्यांना वाटते, त्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

कधीकधी हाकही अशीच दोन्हींकडून सारखी निघते. 'काका, वाचवा, काका!' हे उलट वाचून पाहा. एकही अक्षर हलत नाही. ही हाक ऐकताच आपल्याला शनिवारवाडा आठवतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तेथे नारायणराव पेशव्यांचा वध झाला, आणि त्यांची 'काका, मला वाचवा' ही हाक लोकांच्या तोंडी कायमची राहिली. त्या हाकेत 'मला' हा शब्द आहे. म्हणून ती उलट वाचता येत नाही. पण जी करुणा त्या 'मला'मध्ये आहे, ती आपल्या जुळवलेल्या हाकेत नाही. अक्षरे जुळणे वेगळे आणि शब्द हृदयाला भिडणे वेगळे. ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

शब्दांची वाट केवळ आडवीच असते असे नाही. पुढील नऊ अक्षरे पाहा:

क न क
न य न
क न क

आडव्या ओळी वाचा: कनक, नयन, कनक. आता उभ्या ओळी वाचा. तेथेही कनक, नयन, कनक हेच शब्द आहेत. डावीकडून वाचा वा उजवीकडून, वरून वाचा वा खालून, सोने आणि डोळा यांवाचून दुसरे काही मिळत नाही. अशा चोहोबाजूंनी सारख्या रचनेला संस्कृतात 'सर्वतोभद्र' म्हणतात. आपला चौकोन तीन घरांचा आहे. परंतु भारवी आणि माघ या महाकवींनी प्रत्येक चरणात आठ अक्षरे असलेले असे श्लोक रचले. भारवीने 'किरातार्जुनीय' काव्याच्या पंधराव्या सर्गात आणि माघाने 'शिशुपालवध' काव्याच्या एकोणिसाव्या सर्गात ही कामगिरी केली आहे. दोन्ही ठिकाणी प्रसंग युद्धाचा आहे. सैन्याचे व्यूह जसे नाना आकारांत रचतात, तसे या कवींनी तेथे अक्षरांचे व्यूह रचले.

असा चौकोन रचण्याची हौस दूरच्या देशांतही होती. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. पुढे उत्खनन झाले, तेव्हा तेथे कोरलेला एक लॅटिन चौकोन सापडला. त्यात पाच अक्षरांचे पाच शब्द एकाखाली एक मांडलेले आहेत, आणि तेही चारी बाजूंनी सारखेच वाचता येतात. ते कोरणाऱ्याचे नाव आज कोणालाही ठाऊक नाही. त्याची अक्षरे मात्र राखेतूनही टिकून राहिली.

आकड्यांनाही ही विद्या अवगत आहे. ११ ला ११ ने गुणा, १२१ येतात. १११ ला १११ ने गुणा, १२३२१ येतात. ११११ ला ११११ ने गुणा, १२३४३२१ येतात. आकडे पायरीपायरीने चढतात आणि तशाच पायऱ्यांनी उतरतात. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी महावीराचार्य नावाचा थोर गणिती होऊन गेला. त्याने आपल्या 'गणितसारसंग्रह' ग्रंथात अशा संख्यांना गळ्यातील कंठ्यांची उपमा दिली आहे. कंठीतील मणी जसे मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखे लहान होत जातात, तसेच हे आकडे.

काव्य आणि गणित या दोन्ही विद्या ज्याच्या ठायी एकत्र नांदत होत्या, असा एक पंडित आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेला. त्याचे नाव दैवज्ञ सूर्य पंडित. गोदावरीच्या परिसरातील पार्थपूर, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी, हे त्याचे गाव. त्याचे वडील ज्ञानराज हे ज्योतिषशास्त्राचे मोठे जाणकार होते. त्यांनी 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ लिहिला. सूर्य पंडिताने भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथावर १५३८ मध्ये आणि 'लीलावती' या ग्रंथावर १५४१ मध्ये टीका लिहिली. असा हा आकडेमोडीत रमणारा मनुष्य 'रामकृष्णविलोमकाव्य' या संस्कृत काव्याचाही कर्ता आहे.

या काव्याची रचना मोठी नवलाची आहे. श्लोकाच्या पहिल्या अर्ध्या भागात रामाचे वर्णन येते. मग त्याच अर्ध्या भागाची अक्षरे शेवटाकडून आरंभाकडे मांडली, म्हणजे श्लोकाचा दुसरा अर्धा भाग तयार होतो; आणि त्यात कृष्णाचे वर्णन असते! पहिल्याच श्लोकाचा अर्धा भाग बावीस अक्षरांचा आहे. त्यातील प्रत्येक अक्षराला दोन चाकऱ्या कराव्या लागतात. जाताना ते रामकथेतील एका शब्दात बसले पाहिजे आणि येताना कृष्णकथेतील निराळ्या शब्दात. एक अक्षर बदलावे, तर दोन्ही कथा बिघडतात. अशा तीसहून अधिक श्लोकांत कवीने ही किमया साधली आहे. पुढे सतराव्या शतकात दक्षिणेतील वेंकटाध्वरी या कवीनेही 'राघवयादवीय' हे काव्य याच प्रकारे रचले.

हे कसे साधत असेल, याची थोडी कल्पना मराठीत येऊ शकते. 'खरा गज' ही चार अक्षरे लिहा. आता उलट वाचा: 'जग राख.' सुलट वाचता एक हत्ती दिसतो. उलट वाचता 'जगाचे रक्षण कर' अशी प्रार्थना ऐकू येते. किंवा 'राज सदा' असे लिहा. कोणी गर्विष्ठ राजा म्हणत आहे, की माझे राज्य सदा राहील. तीच अक्षरे उलट वाचली, की उत्तर मिळते: 'दास जरा.' अहंकाराला यापेक्षा थोडक्यात उत्तर कोण देईल? आपण येथे चार अक्षरांवर थांबलो. सूर्य पंडिताने बावीस अक्षरांची वाट चालून दाखवली, आणि तीही वृत्त न मोडता.

गणिती मनुष्याला हे सुचावे, यात आश्चर्य नाही. 'लीलावती'मध्ये 'व्यस्तविधी' नावाची एक रीत सांगितली आहे. उत्तर माहीत आहे, पण मूळ संख्या माहीत नाही, अशा वेळी उत्तराकडून मागे चालत जावयाचे. जेथे गुणले असेल तेथे भागावयाचे आणि जेथे मिळवले असेल तेथे वजा करावयाचे. समजा, एका संख्येची तिप्पट करून तीत ५ मिळवले आणि २६ आले. २६ मधून ५ वजा करा, २१ राहिले. त्यांना ३ ने भागा, ७ ही मूळ संख्या सापडली. शेवटाकडून आरंभाकडे चालण्याची ही सवय ज्याच्या बुद्धीला लागली आहे, त्याने श्लोकही शेवटाकडून रचून पाहावा, हे स्वाभाविकच आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो जुन्या जाणत्यांनीही विचारला होता. हे सारे खरोखर काव्य आहे, की नुसती कसरत? नवव्या शतकातील आनंदवर्धन या काश्मीरच्या थोर समीक्षकाने असे मत दिले, की केवळ शब्दांची चमत्कृती दाखवणारी रचना ही खरे काव्य नसून काव्याची नक्कल आहे. त्याच्यानंतर मम्मटानेही 'काव्यप्रकाश' ग्रंथात अशा चित्रकाव्याला सर्वांत खालची पायरी दिली. त्यांचे म्हणणे आपण मघाशी 'काका, वाचवा, काका' या हाकेच्या वेळी अनुभवले आहे. अक्षरे जुळवण्याच्या भरात भावना हरवली, तर उरतो तो निव्वळ सांगाडा.

परंतु या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. राम आणि कृष्ण हे एकाच विष्णूचे अवतार, अशी भाविकांची श्रद्धा आहे. एक मर्यादेने चालणारा, दुसरा लीला करणारा. दोघांच्या कथा पाहिल्या तर किती निराळ्या! तरीही मूळ तत्त्व एकच. ही गोष्ट शंभर ओळींत समजावून सांगता येईल. सूर्य पंडिताने ती समजावून सांगितली नाही. त्याने ती घडवून दाखवली. तीच अक्षरे, तोच श्लोक. इकडून राम, तिकडून कृष्ण. येथे रचनेची युक्ती अर्थापासून वेगळी राहिलेली नाही. वाल्या कोळ्याच्या कथेतही हेच सामर्थ्य आहे. 'राम' हे नाव ज्याच्या जिभेवर येईना, तो 'मरा मरा' म्हणत राहिला. आणि न थांबता म्हणता म्हणता त्यातूनच 'राम राम' असा ध्वनी उमटू लागला. मरणाच्या शब्दातच तारणारे नाव दडलेले होते. अक्षरांचा खेळ ज्या ठिकाणी असे काही उघड करून दाखवतो, त्या ठिकाणी तो काव्य होतो.

मराठी कवींमध्ये अशा शब्दखेळांचा सर्वांत मोठा षोकीन म्हणजे मोरोपंत. त्यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यास झाला आणि १७९४ मध्ये बारामतीस त्यांचे निधन झाले. त्यांनी एकशे आठ रामायणे रचली, असे परंपरा सांगते, आणि त्यांपैकी कित्येकांत त्यांनी स्वतःवर एखादे कडक बंधन घालून घेतले आहे. 'निरोष्ठ रामायण' हे त्यांतले एक. निरोष्ठ म्हणजे ओठांवाचून. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून उच्चारावयाची अक्षरे त्यात वर्ज्य आहेत. आता विचार करा: 'म' नाही, म्हणजे 'राम' हे नावही नाही! रामाचे नाव न घेता रामकथा सांगावयाची, तर कवीला त्याच्यासाठी किती पर्यायी शब्द शोधावे लागले असतील! बंधनामुळे कवी अडला नाही. उलट भाषेच्या कोठारात त्याला अधिक खोल उतरावे लागले. विलोमपदाचे बंधनही हेच करते. ते आपल्याला प्रत्येक शब्द हातात घेऊन, उलटून, पारखून पाहावयास लावते.

म्हणून तुम्हीही हा प्रयत्न अवश्य करावा. आधी वहीच्या एका पानावर उलट वाचता अर्थ देणाऱ्या शब्दांच्या जोड्या लिहाव्या: रथ आणि थर, लता आणि ताल, कडा आणि डाक, साप आणि पसा, वान आणि नवा. मग एखादी जोडी मध्यभागी ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना एकएक अक्षर लावत जावे. घर पायापासून बांधतात, पण विलोमपद मधल्या अक्षरापासून बांधतात, हे विसरू नये. आणि एक पथ्य पाळावे. 'तो तवा वाततो' असे लिहून अक्षरे जुळतील खरी, पण 'वाततो' असा शब्द मराठीत नाही. असे खोटे शब्द रचून मिळवलेले यश ताबडतोब पुसून टाकावे.

पहिल्या दिवशी काहीच साधणार नाही. पेन्सिल चावत तुम्ही म्हणाल: 'ते मज न जमते.' निराश होण्यापूर्वी हे वाक्य उलट वाचून पाहा. तुमच्या नकळत तुम्ही एक निर्दोष विलोमपद उच्चारलेले असेल! आता त्याच्या मध्यावर बसलेला एकटा 'न' तेवढा खोडून टाका, आणि उरलेले वाक्य हव्या त्या टोकाने वाचा: 'ते मज जमते.'